लाइट बिल आणि घरटॅक्स दोन्ही वाढले: दाद नेमकी कशाबद्दल मागायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरात मानेवाड्याकडच्या बारा फ्लॅटच्या स्कीममध्ये तुम्ही तिसऱ्या माळ्यावर राहता, वडील सेवानिवृत्त आहेत. उन्हाळ्यात घरचं लाइट बिल जवळजवळ दुप्पट झालं, जिना, पंप, लिफ्टच्या सामायिक मीटरचा हिस्साही वाढला. त्यातच महापालिकेची घरटॅक्सची डिमांड (मागणीपत्र) आली आणि समोरच्या तेवढ्याच फ्लॅटपेक्षा तुमची रक्कम जास्त निघाली. वीज महाग झाली म्हणून सगळेच आमच्याकडून वसूल करणार का, हा अन्याय नाही का, आणि दाद कुठे मागायची, असं तुम्ही विचारलं आहे.

यात तीन गोष्टी एकत्र झाल्या आहेत: दर, नोंद आणि वाटणी. वीज युनिटमागे किती रुपये आणि कर किती टक्के, हा दर. तुमच्याबद्दल कार्यालयात काय लिहिलेलं आहे, ही नोंद. एकाच बिलातला तुमचा हिस्सा कसा ठरतो, ही वाटणी. दराविरुद्ध लढा लांबचा असतो. नोंद एका अर्जाने दुरुस्त होऊ शकते, आणि वाटणी तुमच्याच बैठकीत बदलते. माझ्याकडे बिलांच्या आणि डिमांडच्या ज्या फायली येतात, त्यांत तक्रार बहुतेक वेळा दराबद्दल असते आणि चूक नोंदीत सापडते. म्हणून आधी नोंद तपासा. न्याय-अन्यायाचा प्रश्न त्यानंतर जास्त नेमका मांडता येतो.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. तुमची स्कीम अपार्टमेंट डीडवर (प्रत्येक फ्लॅटचा हिस्सा लिहिलेला दस्त) आहे की सहकारी सोसायटी, फ्लॅट स्वतः वापरता की भाड्याने दिला आहे, आणि टॅक्सची वाढ याच वर्षी आली की जुनी थकबाकी जोडून आली, हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्यामुळे जिथे उत्तर बदलतं तिथे दोन्ही बाजू सांगतो.

आधी घरचं लाइट बिल घ्या. त्यात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा), इंधन समायोजन आकार (इंधनाच्या किमतीतल्या फरकाचा) आणि वीज शुल्क अशा ओळी असतात. यातली कराची ओळ फक्त वीज शुल्काची. घरगुती वापरावर ते १६ टक्के आहे, व्यावसायिक वापरावर २१ टक्के. ते राज्य सरकारचं आहे, त्याचा महापालिकेशी संबंध नाही. बाकीचे दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो.

घरगुती वापराचे टप्पे ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे आहेत. ३०० च्या वर गेलं की सगळंच बिल वरच्या दराने लागतं, असा मोठा गैरसमज आहे. ३३० युनिट झाले तर फक्त शेवटचे ३० युनिट वरच्या दराने लागतात. तरीही मे महिन्यात बिल उसळतं, कारण कूलर आणि एसीचे सगळे युनिट वरच्या टप्प्यात जाऊन बसतात. आपल्याकडचा मोठा डेझर्ट कूलर पंपासह साधारण २०० ते २५० वॅट घेतो. दिवसाला १० तास चालला तर महिन्याला ६० ते ७५ युनिट. जुना पंखा ७५ वॅटचा, तो १० तासांनी महिन्याला साडेबावीस युनिट खातो. तेवढ्याच वेळात ३० वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा ९ युनिट खातो. ही बचत वरच्या टप्प्यातून होते, म्हणून रुपयांत ती जास्त दिसते.

आता नोंद. बिलावर मागील रीडिंग, चालू रीडिंग आणि दोन्हींच्या तारखा बघा. एखाद्या महिन्यात रीडिंग मिळालं नाही म्हणून सरासरी बिल आलं असेल, तर पुढच्या बिलात दोन महिन्यांचा वापर एकत्र येतो. अशा वेळी टप्पेही दोन महिन्यांचे धरले पाहिजेत आणि सरासरी बिलाची रक्कम वजा झाली पाहिजे. समजा ६१ दिवसांचे ५२० युनिट आहेत. बरोबर हिशोबात सुमारे २०० युनिट पहिल्या दराने आणि ३२० दुसऱ्या दराने लागतात. एकाच महिन्याचे धरले तर पहिल्या दराने १००, दुसऱ्याने २००, तिसऱ्याने २०० आणि चौथ्याने २० लागतील. वापर तोच राहतो आणि बिलात मोठा फरक पडतो. मीटरच्या फोटोवरचा आकडा आणि बिलावरचा आकडा जुळतो का, तेही बघा.

मीटर पळतो असा संशय असेल तर अर्ज करण्याआधी घरीच एक तपासणी करा. मीटरवर एका युनिटला किती वेळा लाल दिवा लुकलुकतो ते छापलेलं असतं, उदाहरणार्थ ३२००. घरातलं सगळं बंद करून फक्त १००० वॅटची इस्त्री किंवा गिझर लावा. ३२०० चा मीटर असेल तर मिनिटाला साधारण ५३ वेळा दिवा लागायला हवा. इस्त्री मधूनच आपोआप बंद होते, म्हणून ती तापत असतानाच मोजा. व्होल्टेज कमी-जास्त असेल तर थोडा फरक पडेल, पण ५३ च्या जागी ७५ आले तर मीटर तपासणीचा अर्ज करायला कारण आहे. सगळं बंद असतानाही दिवा लुकलुकत राहिला तर वायरिंगमध्ये गळती असू शकते किंवा शेजाऱ्याचा न्यूट्रल तुमच्यात मिसळलेला असू शकतो. अशा वेळी आधी इलेक्ट्रिशियन बोलवा.

उन्हाळ्याच्या सुमारास आणखी एक कागद येतो, अतिरिक्त सुरक्षा ठेवीचा. तो कर समजून लोक संतापतात. ती तुमचीच ठेव आहे. साधारण दोन महिन्यांच्या सरासरी बिलाइतकी ती असावी लागते, आणि वापर वाढला की फरक मागतात. तिच्यावरचं व्याज बिलातून मिळतं. ते जमा झालं का, तेवढं बघा.

आता सामायिक मीटरकडे येतो, कारण स्कीममधले पैसे सगळ्यात जास्त इथेच वाया जातात आणि कोणी बघत नाही. सामायिक मीटरचं बिल हातात घ्या आणि पहिल्यांदा दोन ओळी वाचा: ग्राहकाचं नाव आणि दराची वर्गवारी. अनेक स्कीममध्ये हा मीटर अजून बिल्डरच्या नावावर असतो. बांधकामाच्या वेळी घेतलेली वर्गवारी तशीच राहते, म्हणजे व्यावसायिक किंवा तात्पुरती. पूर्ण निवासी इमारतीचा जिना, पंप, लिफ्ट आणि पार्किंगचे दिवे घरगुती दरात बसतात. वर्गवारी चुकली असेल तर युनिटचा दर जास्त, स्थिर आकार जास्त आणि वर शुल्क १६ ऐवजी २१ टक्के. हे वर्षानुवर्षं चालत राहतं. नावबदल आणि वर्गवारी बदल असे दोन अर्ज एकदमच द्या. सोबत भोगवटा प्रमाणपत्र, सभेचा ठराव आणि मीटरचा फोटो जोडा. तळमजल्यावर दुकान असेल आणि त्याचा दिवा सामायिक मीटरवर असेल, तर तो आधी वेगळा करा, नाहीतर वर्गवारीचा अर्ज तिथेच अडेल.

दुसरी गोष्ट टप्प्यांची. बारा फ्लॅट आहेत म्हणून सामायिक मीटरला बारापट टप्पे मिळत नाहीत. तो एकच ग्राहक धरला जातो. त्यामुळे महिन्याला ४०० युनिट गेले की शेवटचे १०० तिसऱ्या टप्प्यात जातात, घरोघरी वापर कमी असला तरी. जिन्यात चोकवाल्या जुन्या आठ ट्यूबलाइट असतील तर प्रत्येकी सुमारे ५० वॅट धरून रोज १२ तासांचे महिन्याला १४४ युनिट होतात. २० वॅटच्या एलईडी लावल्या तर ५८. जवळपास ८६ युनिट वाचतात, आणि तेही वरच्या टप्प्यातले.

पंपाचं दुखणं वेगळं असतं. एक एचपीचा पंप चालताना साधारण एक किलोवॅट घेतो, म्हणजे तासाला एक युनिट. वरची टाकी भरायला किती मिनिटं लागतात ते आठवडाभर लिहून ठेवा. आधी ४० मिनिटं लागत आणि आता ७० लागत असतील, तर बिलातली वाढ दरामुळे आलेली नाही. फूट व्हॉल्व्ह (पाइपच्या तळाची झडप) गळत असेल तर पाइपमधलं पाणी खाली उतरतं आणि दर वेळी पंपात पाणी भरून घ्यावं लागतं. जाळी कचऱ्याने तुंबली असेल किंवा इम्पेलर (पाणी फेकणारं चक्र) झिजला असेल तर पंप चालतो, आवाजही नेहमीचाच येतो, पण पाणी कमी चढतं. टाकीचा फ्लोट स्विच बिघडला तर पाणी गच्चीवरून वाहत राहतं, आणि पहाटे कोणाच्या लक्षात येत नाही. मीटर टीओडी प्रकारचा, म्हणजे वेळेनुसार वापर मोजणारा असेल तर घरगुती ग्राहकाला सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत युनिटमागे सवलत आहे. पंप या वेळेत चालवण्याची सवय लावा.

सोलरबद्दल थोडक्यात. पीएम सूर्यघर योजनेत स्वतंत्र घराला १ किलोवॅटला ३०,००० रुपये, २ ला ६०,००० आणि ३ किंवा जास्तला ७८,००० रुपये अनुदान आहे. गृहनिर्माण संस्थेच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० आहे. नागपुरात १ किलोवॅट दिवसाला सरासरी ४ युनिटच्या आसपास देतो आणि सावली नसलेली साधारण १०० चौरस फूट जागा लागते. गच्ची सगळ्यांची असते, म्हणून आधी ठराव हवा. वरचे टप्पे सामायिक मीटरवर लागतात, तेव्हा मी सोलर आधी तिथेच बसवायला सांगतो.

आता घरटॅक्स. महापालिका तुमच्या फ्लॅटचं वार्षिक भाडं काय येऊ शकेल याचा अंदाज धरते, त्यातून दुरुस्तीसाठी १० टक्के वजा करते आणि उरलेल्या करयोग्य मूल्यावर निरनिराळ्या करांचे टक्के लावते. सामान्य कर, पाणी लाभ कर, मलनिस्सारण, अग्निशमन, वृक्ष कर अशा ओळी महापालिकेच्या असतात. शिक्षण कर राज्याचा असतो, महापालिका तो फक्त गोळा करते. त्यामुळे एक नोंद चुकली की सगळ्या ओळी एकदम फुगतात.

उदाहरण म्हणून चौरस मीटरमागे महिन्याला १० रुपये भाडं धरू. हा आकडा फक्त हिशोब कळावा म्हणून घेतला आहे. तुमचा फ्लॅट ८० चौरस मीटर असेल तर ८० × १० × १२ म्हणजे ९,६००. त्यातून १० टक्के गेले की ८,६४० करयोग्य मूल्य. आता तुमच्या विक्रीपत्रात सुपर बिल्टअप (जिना वगैरे सामायिक जागेचा वाटा धरून) १,०२३ चौरस फूट लिहिलं असेल आणि तेच मोजमाप म्हणून चढलं असेल, तर नोंद ९५ चौरस मीटरची होते आणि करयोग्य मूल्य १०,२६०. सगळे कर मिळून २५ टक्के धरले तर वर्षाला ४०५ रुपयांचा फरक. तुमच्या आणि समोरच्या फ्लॅटमधली तफावत अशाच एखाद्या नोंदीतून आलेली असण्याची शक्यता मोठी आहे.

महापालिकेच्या झोन कार्यालयात इंडेक्स क्रमांक (मालमत्तेचा कर क्रमांक) देऊन आकारणीच्या नोंदीची प्रत मागा. त्यात क्षेत्रफळ कोणतं धरलं आहे, बांधकामाचा प्रकार आरसीसी की लोड बेअरिंग (भिंतींवर भार असलेलं), बांधकामाचं वर्ष, वापर निवासी की अनिवासी, आणि स्वतःचा की भाडेकरूचा, हे बघा. वरच्या माळ्यावरची उघडी बाल्कनी खोली म्हणून मोजली आहे का, पार्किंग तुमच्या नावावर चढलं आहे का, तेही पाहा. अवैध बांधकाम शास्तीची ओळ असेल तर तिकडे खास लक्ष द्या, कारण ती कराच्या दुप्पट असू शकते. मंजूर नकाशा किंवा नासुप्रचं (नागपूर सुधार प्रन्यासचं) नियमितीकरणाचं पत्र असताना ती लागली असेल, तर अर्जासोबत पहिला कागद तोच लावा.

घरातून छोटा व्यवसाय असेल, शिकवणी किंवा शिलाई, तर इथे दोन कार्यालयांचे नियम वेगळे पडतात. विजेच्या बाजूने महिन्याला ३०० आणि वर्षाला ३,६०० युनिटच्या आत वापर असेल तर घराच्या एका भागातल्या अशा व्यवसायाला घरगुती दरच लागतो. त्यामुळे टॅक्सच्या नोंदीतही आपोआप निवासी राहील असं समजू नका. तिथे तेवढा भाग अनिवासी म्हणून चढू शकतो. तसं झालं असेल तर निदान पूर्ण फ्लॅट अनिवासी धरलेला नाही ना, याची खात्री करा.

आक्षेप लेखी द्या आणि नोटिशीवर छापलेल्या मुदतीत द्या. सुनावणीत मोजणीची मागणी करा. निर्णय पटला नाही तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४०६ खाली न्यायालयात अपील आहे. त्याची मुदत अवघी १५ दिवसांची आहे, आधी आक्षेप घेतलेला असावा लागतो आणि कराची रक्कम जमा करावी लागते. वाद चालू आहे म्हणून कर भरणं थांबवू नका. थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती लागते, म्हणजे वर्षाला २४. ४०५ रुपयांच्या वादासाठी पूर्ण रक्कम अडवून ठेवली तर शास्तीच त्याहून मोठी होते. ‘आक्षेप राखून भरणा’ असं पत्र देऊन भरा.

आता तुमचा मूळ प्रश्न, हा अन्याय आहे का. माझं मत स्पष्ट आहे. वीज शुल्क टक्क्यांत असल्यामुळे इंधन समायोजन आकार १०० रुपयांनी वाढला की ग्राहकाच्या खिशातून ११६ जातात. कोळसा महागला म्हणून राज्याचा कर वाढतो आणि त्यासाठी कोणाला नवा निर्णयही घ्यावा लागत नाही. हे मला चुकीचं वाटतं. इंधन समायोजनावर शुल्क लागू नये, ही मागणी राज्य सरकारकडे करायला हवी. कोराडी आणि खापरखेड्याची राख आपल्या अंगणात येते आणि दर मात्र महावितरणच्या सगळ्या क्षेत्रात एकच, ही नागपूरकरांची खंतही खरी आहे. दरवाढीच्या प्रस्तावावर आयोग हरकती मागवतो. आपल्या वापराचे आकडे घालून लेखी हरकत द्या, नुसत्या निषेधाला तिथे वजन नसतं.

घरटॅक्सचा अन्याय वेगळ्या प्रकारचा आहे. तो घर बघतो, घरात येणारं उत्पन्न बघत नाही. पेन्शनीवर जगणारं घर आणि दोन पगारांचं घर, फ्लॅट सारखे असतील तर कर सारखाच. तुमचे वडील माजी सैनिक असतील तर २०२० पासूनच्या राज्याच्या योजनेतून मालमत्ता करमाफीसाठी अर्ज करता येतो, नुसतं सेवानिवृत्त असणं त्यासाठी पुरत नाही. दुसऱ्या बाजूने महापालिकेची अडचणही समजून घ्या. नागपुरात २०१३ मध्ये जकात जाऊन एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, २०१५ पासून तोही बहुतांश व्यापाऱ्यांसाठी गेला, आणि २०१७ नंतर जीएसटीच्या नुकसानभरपाईवर भागवावं लागतं. स्वतःच्या हातातला मोठा कर मालमत्तेचाच उरला. पेंच आणि कन्हानचं पाणी शहरात चढवायला आणि रस्त्यावरचे दिवे लावायला महापालिकाही वीजच विकत घेते. पाण्याचे दर तर उपविधीनुसार दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढतात. म्हणून ‘कर वाढवू नका’ म्हणण्यापेक्षा ‘ज्या मालमत्तांची नोंदच नाही किंवा अर्धीच आहे त्या आधी आणा’ ही मागणी जास्त न्यायाची आहे. प्रामाणिक नोंदवाल्यावर बोजा पडतो तो बाकीच्यांच्या सुटलेल्या नोंदींमुळे. पुढच्या वर्षाचे करदर २० फेब्रुवारीपर्यंत ठरायचे असतात. म्हणून हे बोलायचं तर डिसेंबर-जानेवारीत बोला, एप्रिलमध्ये डिमांड हातात आल्यावर उशीर झालेला असतो.

राहिली वाटणी. सहकारी सोसायटी असेल तर उपविधींप्रमाणे सामायिक विजेचा खर्च सर्व सदनिकांत समान वाटतात, लिफ्टचाही, तळमजल्यावरचे लिफ्ट वापरत नसले तरी. अपार्टमेंट डीड असेल तर १९७० च्या कायद्याप्रमाणे डीडमध्ये लिहिलेल्या अविभक्त हिश्श्याच्या टक्केवारीने वाटणी होते, म्हणजे मोठ्या फ्लॅटला जास्त. नागपुरात डीडच्या स्कीम खूप आहेत आणि तिथेही सवयीने समान वर्गणी घेतात. तुमचा फ्लॅट लहान असेल तर डीड उघडून टक्केवारी बघा आणि बैठकीत तीच मांडा.

कामाचा क्रम मी असा ठेवीन. याच आठवड्यात सामायिक मीटरची वर्गवारी आणि टॅक्सच्या नोंदीची प्रत, दोन्ही काढा. विजेचा अर्ज उपविभागात द्या. तिथे काम झालं नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. मंचाच्या आदेशानंतर ६० दिवसांत विद्युत लोकपालांकडे जाता येतं आणि त्यांचं कार्यालय नागपुरातच आहे. प्रत्येक अर्ज दोन प्रतींत न्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पुढच्या डिमांडमध्ये किंवा बिलात दुरुस्ती दिसली नाही तर नव्याने सगळं लिहीत बसायची गरज नाही, त्याच आवक क्रमांकाचा हवाला देऊन स्मरणपत्र द्या.